हवेतले चित्र, मोजलेला प्रेक्षक : प्रस्तावना

31 ऑक्टोबर 2012 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतल्या ज्या घरांत सेट-टॉप बॉक्स पोचला नव्हता, तिथल्या केबलच्या टीव्हीवर मुंग्या येणार हे ठरलेले होते. केबल तुटलेली नव्हती, संच बिघडलेला नव्हता, महिन्याचे पैसेही थकलेले नव्हते. त्या तारेतून चित्र ज्या रूपात येत होते, ते रूपच कायद्याने बंद झाले होते. दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या शहरांनाही हीच मुदत होती. कोलकात्यात राज्य सरकारच्या विरोधामुळे आणि चेन्नईत न्यायालयीन वादामुळे ती लांबली. 31 मार्च 2013 ला देशातल्या आणखी 38 शहरांची पाळी आली. त्यांत पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर आणि तेव्हाचे औरंगाबाद होते. त्यानंतर उरलेली शहरे आणि शेवटी खेडी असा क्रम होता, आणि अखेरची मुदत 31 मार्च 2017 ठरली.

याच काळात दुसरे एक स्थित्यंतर चालू होते. त्याच्या जाहिराती झाल्या नाहीत, त्यावर मोर्चे निघाले नाहीत. दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपक, म्हणजे घरावरच्या अँटेनाला थेट हवेतून चित्र देणारे उंच मनोरे, एकेक करून शांत होत होते. 31 मार्च 2022 पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 प्रक्षेपक वगळून बाकी सगळे बंद करायचे, असे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केले होते. देशभर चौदाशेहून अधिक प्रक्षेपकांचे जाळे कित्येक दशकांत उभे राहिले होते. ते गेल्याची नोंद बहुतेक घरांनी घेतलीही नाही.

या पुस्तकाचा विषय ही दोन्ही स्थित्यंतरे आहेत. त्यामागचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. चित्र कोणत्या रूपात पाठवायचे हा अभियंत्यांचा प्रश्न आहे. ते कोणाला मिळावे, किती पैशांत मिळावे आणि कोणाच्या हातून मिळावे हा नागरिकांचा प्रश्न आहे. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना दुसऱ्याचेही उत्तर देऊन टाकले गेले, आणि त्याची चर्चा झालीच नाही. डिजिटल प्रक्षेपण सरस आहे याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती, त्यासोबत आपण जे सोडून दिले ते सोडणे भागच होते का, याबद्दल.

आधी जुने तंत्र समजून घेऊ. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातले दुसरे केंद्र. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेले चित्र पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने पुण्यापर्यंत नेले. त्या चित्राची रचना अशी होती : पडद्याच्या 625 आडव्या रेषा आणि सेकंदाला 25 पूर्ण चित्रे. प्रत्येक रेषेवर उजेड कुठे आणि अंधार कुठे हे रेडिओलहरीच्या चढउतारातून सांगितले जाई. लहर जशी बदलेल तसा पडदा बदले. मधे कोणतेही गणित नाही, कोणताही अर्थ लावणे नाही.

या सरळपणाचे फायदे होते तसे तोटेही. हवेत लहरीला जे जे चिकटेल ते सगळे पडद्यावर उमटे. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला की चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी येत. लहर डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून किंचित उशिरा पोचली की प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकी सावली उभी राही. मनोरा दूर असेल तर मुंग्या. पण चित्र हळूहळू खराब होई, एकदम नाहीसे होत नसे. मुंग्यांच्या आडूनही बातम्या देणाऱ्याचा चेहरा ओळखू येई, आवाज तर बहुधा स्वच्छच असे. शिवाय बिघाडावर घरच्यांनाच काही करता येई. कोणी छपरावर चढून ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना फिरवी, कोणी खालून ओरडून सांगे, आणि कमी पडलेच तर बूस्टर बसवला जाई. मनोऱ्यापासून पडद्यापर्यंतच्या वाटेत तिसरा कोणी माणूस नव्हता.

1982 मध्ये रंग आला आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 1984 मध्ये काही महिने असे गेले की देशात जवळजवळ रोज एक नवा लघुशक्ती प्रक्षेपक उभा राहत होता. हे छोटे प्रक्षेपक उपग्रहावरून चित्र घेत आणि आसपासच्या काही किलोमीटरांत पसरवत. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत दूरदर्शन पोचले ते यांच्यामुळे. 1980 च्या दशकाच्या मध्यात टीव्हीचा परवानाही रद्द झाला आणि पोस्टात जाऊन शुल्क भरण्याची गरज संपली. त्यानंतर संच आणि अँटेना एवढा एकदाचा खर्च केला की घर प्रेक्षक झाले. ते घर कोणते, त्यात किती माणसे, ती काय पाहतात, याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. हवेतले हे चित्र गावाच्या गायरानासारखे होते : कोणाच्या नावावर नाही आणि सर्वांना मोकळे.

त्या गायरानावर उगवत होते ते सरकारच्याच मर्जीचे, हेही तितकेच खरे आहे. एक वाहिनी, मोठ्या शहरांत दोन. संध्याकाळचे काही तास मराठीचे, मग दिल्ली. 'आमची माती आमची माणसं' पाहणारा शेतकरी आणि 'गजरा'ची वाट पाहणारे शहरातले कुटुंब एकाच वेळेच्या तुकड्यावर अवलंबून होते, कारण ॲनालॉग तंत्रात एका वाहिनीला सात किंवा आठ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पूर्ण लागे आणि शेजारी दुसरी वाहिनी बसवायची तर मधे मोकळी जागा सोडावी लागे. शिवाय या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सह्याद्रीच्या कुशीतली, कोकणातल्या घाटाखालची कित्येक गावे मनोऱ्याच्या नजरेआडच राहिली. गायरान सर्वांना मोकळे होते, पण सर्वांपर्यंत पोचलेले नव्हते.

डिजिटल तंत्राने पहिला घाव घातला तो या जागेच्या टंचाईवर. चित्र आकड्यांत मांडायचे म्हटले तर टंचाई आधी वाढतेच. साध्या दर्जाचे टीव्हीचित्र स्टुडिओत कोणतीही काटछाट न करता आकड्यांत उतरवले तर सेकंदाला 27 कोटी बिट लागतात. इतके हवेतून पाठवणे अशक्य. म्हणून ते आवळावे लागते. या आवळण्याच्या मुळाशी असलेले गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्या निबंधाचे तीन लेखक होते बेंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. जगातल्या बहुतेक प्रत्येक डिजिटल पडद्याखाली आजही याच गणिताची कुळी आहे, आणि ते मांडणारी तिन्ही नावे भारतीय आहेत. आपल्या शाळांतून ही गोष्ट सांगितली जायला हवी.

हे गणित चित्राचे लहान चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातले ठळक तेवढे ठेवते आणि डोळ्याला जाणवणार नाही असे बारीकसारीक सोडून देते. पुढची पायरी काळाची. बातम्या वाचणाऱ्याच्या मागची भिंत सेकंदात 25 वेळा पाठवायची गरज नसते. एक चित्र पूर्ण पाठवायचे आणि पुढच्या चित्रांत जे बदलले तेवढेच कळवायचे. अशा रीतीने 27 कोटींचे तीन-चार-पाच दशलक्षांवर येते. जिथे एक वाहिनी बसत होती तिथे अनेक बसू लागतात. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून सोबत जादा आकडेही पाठवले जातात, त्यामुळे हवेतली थोडी गडबड पडद्यापर्यंत पोचतच नाही.

पावसाळ्यात डिशचे चित्र का फुटते, याचे उत्तर यातच आहे. थेंबांनी लहर क्षीण झाली तरी काही वेळ चित्र अगदी स्वच्छ राहते, कारण चुकांची दुरुस्ती चालू असते. दुरुस्तीच्या पलीकडे गेले की चौकोन विखुरतात, चेहरा अर्ध्यातच थांबतो आणि पुढचे पूर्ण चित्र मिळेपर्यंत तसाच राहतो. मग पडदा काळा. मुंग्यांची पायरी मधे नाही. एक तर पूर्ण आहे, नाही तर काहीच नाही. आणि घरच्या माणसाच्या हातात करण्यासारखे फारसे काही उरत नाही, तो ग्राहक सेवेचा क्रमांक फिरवतो.

आवळणे आणि पुन्हा उलगडणे याला वेळ लागतो, ही आणखी एक गोष्ट. दूरदर्शनच्या बातम्यांआधीच्या घड्याळावर लोक आपले घड्याळ लावत, कारण ते चित्र सर्वांकडे त्याच क्षणी पोचे. आज क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या घरातून आरोळी आधी येते आणि आपल्याकडचा चेंडू नंतर सीमेपार जातो. एकाकडे केबल, दुसऱ्याकडे डिश, तिसऱ्याकडे इंटरनेट, आणि प्रत्येकाचा उशीर वेगळा. एका क्षणी सगळ्यांनी मिळून पाहणे हा जुन्या टीव्हीचा स्वभाव होता. तो तंत्राच्या या बारीक फटीतून निसटला.

डिजिटलची सुरुवात प्रेक्षकाच्या घरात झाली नाही, ती डोक्यावरच्या उपग्रहात झाली, हा मुद्दा पुढच्या प्रकरणांत मी सविस्तर मांडला आहे. 1990 च्या दशकात केबलवाल्याच्या गच्चीवरच्या मोठ्या डिशपर्यंत चित्र डिजिटल येऊ लागले. तिथून पुढे इमारतीवरून इमारतीवर टाकलेल्या तारेत ते पुन्हा ॲनालॉग होई. पण वरच्या टप्प्यावरच मोठा बदल झाला होता. उपग्रहावरच्या ज्या एका जागेत एखादी वाहिनी मावत होती, तिथे आठ-दहा मावू लागल्या आणि प्रत्येकीचा भाडेखर्च खाली आला. प्रादेशिक भाषेची खासगी वाहिनी व्यवहारात परवडण्याजोगी झाली, त्यात या स्वस्ताईचा मोठा वाटा आहे. 1999 मध्ये अल्फा मराठी आणि 2000 मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाल्या. संध्याकाळच्या काही तासांत बसवलेली मराठी आता दिवसभर दिसू-ऐकू लागली. डिजिटल तंत्राने मराठीला काय दिले असे कोणी विचारले तर माझे पहिले उत्तर हेच असते, आणि त्यासाठी मी या तंत्राचा ऋणी आहे.

तार मात्र ॲनालॉगच राहिली आणि तिच्याभोवती एक विलक्षण अर्थव्यवस्था तयार झाली. तारेत साधारण ऐंशी ते शंभर वाहिन्यांची जागा. जुन्या संचांना त्यातल्या सुरुवातीच्याच क्रमांकांवरची चित्रे नीट पकडता येत. त्या मोक्याच्या जागांसाठी वाहिन्याच केबलचालकांना पैसे मोजत. उलट बाजूने, आपल्याकडे किती घरे आहेत हे फक्त गल्लीतल्या केबलवाल्याला ठाऊक. वर तो त्यातली काहीच घरे दाखवी. वाहिनीचा हिस्सा बुडे, सरकारचा करमणूक कर बुडे, आणि वाहिन्या सगळी भिस्त जाहिरातींवर ठेवत. तरीही हा केबलवाला म्हणजे सरसकट लबाड, असे चित्र मला मान्य नाही. मुंबईच्या चाळींपासून तालुक्याच्या पेठांपर्यंत स्वतःच्या भांडवलावर तार ओढणारी, रात्री-अपरात्री खांबावर चढणारी हजारो मराठी तरुण मुले या धंद्यात होती. पुस्तकातले एक प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

ही अर्थव्यवस्था मोडण्याचा पहिला प्रयत्न 2002 च्या कायदादुरुस्तीने झाला. सशुल्क वाहिन्यांसाठी बॉक्स सक्तीचा करण्याची ती योजना 2003 मध्ये चेन्नईत अमलात आली. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत ती न्यायालयाच्या आदेशानंतर 2006 संपता संपता पोचली आणि तिथेच अडकली. दुसरा प्रयत्न 2011 च्या दुरुस्तीचा. यावेळी सगळीच तार डिजिटल आणि सगळ्यांनाच बॉक्स. प्रत्येक बॉक्सला क्रमांक, प्रत्येक ग्राहकाचा अर्ज, प्रत्येक वाहिनी चालू-बंद करण्याचे बटण केबल कंपनीच्या मुख्य केंद्राच्या हातात. काही वर्षांतच प्रेक्षकाची अनामिकता संपली. गल्लीतला केबलवाला ग्राहकांचा मालक होता, तो वसुली आणि दुरुस्ती करणारा मध्यस्थ झाला.

कागदावर प्रेक्षकाला सत्ता मिळाली. 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झालेल्या दरव्यवस्थेत 100 वाहिन्यांच्या जोडणीसाठी 130 रुपये अधिक कर, आणि त्यावर हव्या त्या सशुल्क वाहिन्यांचे स्वतंत्र दर अशी मांडणी होती. निवडाल त्याचेच पैसे द्या, हे तत्त्व योग्यच आहे. पण ते अमलात येताना बहुतेक घरांनी तयार गठ्ठाच घेतला, कारण सुट्या वाहिन्यांची बेरीज गठ्ठ्यापेक्षा महाग पडत होती. जी माणसे फक्त बातम्या, एखादी मालिका आणि कीर्तन पाहत, त्यांनाही जोडणीचे पैसे चुकले नाहीत. माझ्या मते या सुधारणेने हिशेब स्वच्छ केला, आणि तो होणे आवश्यक होते. पण हिशेबात नसलेल्या प्रेक्षकाला तिने जागा ठेवली नाही.

त्या प्रेक्षकाची जागा हवेत होती, म्हणून मी पुन्हा मनोऱ्यांकडे येतो. इतर देशांनी ॲनालॉग बंद केले तेव्हा मुख्य प्रश्न हाच होता. ब्रिटनने 2002 मध्ये फ्रीव्ह्यू ही मोफत डिजिटल सेवा मनोऱ्यांवरून सुरू केली आणि मगच, 2007 ते 2012 या काळात, एकेका विभागाचे ॲनालॉग बंद केले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना बॉक्स बसवून देण्याची स्वतंत्र योजना होती. अमेरिकेने घरटी 40 डॉलरची दोन कुपने दिली, आणि तयारी अपुरी दिसताच फेब्रुवारी 2009 ची तारीख जूनवर नेली. जपानने 24 जुलै 2011 ला ॲनालॉग थांबवले, पण त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना मार्च 2012 पर्यंत मुभा दिली. या तिन्ही देशांत मनोऱ्यावरचे जुने चित्र बंद झाले त्याच मनोऱ्यावरून नवे, अधिक चांगले चित्र मोफत सुरू झाले होते. अँटेना राहिला.

आपल्याकडेही तशी सुरुवात झाली होती. फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रातली दोन शहरे त्यात होती : मुंबई आणि औरंगाबाद. एका प्रक्षेपकावरून अनेक वाहिन्या, चालत्या गाडीत किंवा हातातल्या उपकरणावरही पाहता येतील अशा. पण ते पकडणारे संच आणि बॉक्स दुकानांत सहज मिळत नव्हते, आणि अशी सेवा आहे हेच लोकांना माहीत नव्हते. संच नाहीत म्हणून प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत म्हणून विस्तार नाही. एकीकडे हे रखडले, दुसरीकडे ॲनालॉग बंद होत गेले. ब्रिटनमध्ये खासगी आणि सार्वजनिक वाहिन्या मिळून मनोरे वापरत. आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणात मात्र खासगी वाहिन्यांना कधीच प्रवेश नव्हता. तिथे फक्त दूरदर्शन होते, आणि म्हणून ते मनोरे निरुपयोगी ठरवणे सोपे गेले.

मोफत टीव्ही भारतातून गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली उपग्रहसेवा आज डीडी फ्री डिश म्हणून चालते. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याचे शुल्क नाही, कोणाकडे नाव नोंदवणे नाही. चार कोटींहून अधिक घरे ती पाहतात असा अंदाज आहे. मनोऱ्याच्या नजरेआड राहिलेल्या घाटाखालच्या वाड्यांना तिने पहिल्यांदा स्वच्छ चित्र दिले. ऊसतोड कामगाराच्या कोपीवर, वीटभट्टीवर, दुष्काळी गावात जी छोटी डिश दिसते ती बहुधा हीच. भारतीय सार्वजनिक प्रसारणाचे हे मोठे यश आहे आणि त्याची पुरेशी कदर होत नाही, असे मला मनापासून वाटते. मात्र तिच्यावरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. बोली मोठ्या बाजाराची असते, आणि त्यात हिंदीपुढे मराठीचा टिकाव लागणे अवघड जाते. मोफत आकाशात आपल्या भाषेला किती जागा, हा प्रश्न महाराष्ट्राने विचारायला हवा.

हे सगळे झाले-गेले म्हणून सोडून देता आले असते, पण हवेचा व्यवहार संपलेला नाही. टीव्हीने रिकामे केलेले पट्टे जगभर मोबाईलकडे गेले. त्यांतला 700 मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2016 च्या लिलावात कोणीच घेतला नाही, 2022 मध्ये तो रिलायन्स जिओने देशभरासाठी घेतला. आता मोबाईलवर इंटरनेटशिवाय थेट प्रक्षेपण करण्याच्या चाचण्या प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांच्या सहभागाने झाल्या आहेत. म्हणजे मनोऱ्यावरून सर्वांना एकदम चित्र देण्याची जुनी कल्पना नव्या रूपात परत येऊ पाहते आहे. पूर आला, मोबाईलचे जाळे कोसळले, तरी एका मनोऱ्यावरून लाखो लोकांना सूचना देता येते. ही ताकद एकेकाला वेगवेगळे चित्र पाठवणाऱ्या इंटरनेटमध्ये नाही. मोबाईलवरच्या या थेट प्रक्षेपणावर दूरसंचार कंपन्यांचे आक्षेप आहेत, फोन बनवणाऱ्यांचे आहेत, आणि ते तपासले पाहिजेत.

म्हणून हे पुस्तक तंत्राचा इतिहास असले तरी ते पुढच्या निर्णयासाठी वाचावे, ही माझी विनंती. यात सूत्रे फार नाहीत, जिथे आहेत तिथे ती ओलांडून पुढे गेलात तरी धागा तुटणार नाही. पण तीन प्रश्न सोबत ठेवा. नव्या सेवेचा संच लोकांना परवडेल आणि दुकानात मिळेल, याची जबाबदारी कोणाची? नाव न नोंदवता, महिन्याचे पैसे न भरता पाहण्याचा हक्क तिच्यात आहे का? आणि तिच्यात मराठीसाठी राखीव जागा आहे का? गेल्या वेळी हे प्रश्न विचारायच्या आधीच मनोरे बंद झाले. यावेळी चाचण्या चालू असतानाच, विधिमंडळात, ग्रामसभेत आणि वर्तमानपत्रांच्या पानांवर ते विचारले गेले, तर या पुस्तकाचे काम झाले असे मी मानेन.